पाळणाघरातील संसर्ग आणि रजेचे गणित

मुंबईत २०२२ मध्ये पसरलेल्या गोवराच्या साथीचा धडा पाळणाघरांनाही लागू आहे. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच हा संसर्ग पसरतो. त्यामुळे पुरळ दिसल्यावर मूल घरी पाठवणे पुरेसे ठरत नाही. लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळतो, तर प्रसूती रजा कमाल २६ आठवड्यांची. मधल्या काळात पाळणाघरात येणाऱ्या बाळाची सुरक्षितता मुख्यत्वे भोवतालच्या मुलांच्या लसीकरणावर अवलंबून असते. म्हणूनच प्रवेशावेळी लसीकरण कार्डाची तपासणी ही निव्वळ औपचारिकता नव्हे. २०१७ च्या कायदादुरुस्तीने ५० वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. आजारी मुलासाठी पालकांना वेगळी रजा मात्र दिली नाही. ही उणीव दूर होईपर्यंत ताप दडवून मूल पाठवण्याचा मोह टळणे कठीण आहे.