कुरव : रूपक आणि पक्षी

डॅफ्ने द्यु मोरिए यांची 'द बर्ड्स' ही कथा १९५२ साली प्रसिद्ध झाली. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरचे कुरव माणसांवर का तुटून पडतात, हे लेखिका सांगत नाही. कथेतील भयाचे बळ त्या मौनातच आहे. पुढच्याच वर्षी निको टिनबर्गन यांचे 'द हेरिंग गल्स वर्ल्ड' आले. पिलू आईबापांच्या चोचीवरील तांबड्या ठिपक्यावर टोचते, तेव्हा त्याला घास मिळतो, हे त्यात चिकाटीने न्याहाळलेले आहे. ब्रिटिश वृत्तपत्रांत मात्र कुरव येतो तो बहुधा चिप्स पळवणारा गुंड म्हणूनच. हाच हेरिंग कुरव २००९पासून तेथील संकटग्रस्त पक्ष्यांच्या लाल यादीत आहे. दोष कथेचा नव्हे. रूपकालाच पक्षी समजणाऱ्या वाचनाचा आहे. साहित्याच्या वर्गात ही कथा शिकवताना टिनबर्गनही शेजारी असायला हवेत.