इन्सुलिन लिहून देतात डॉक्टर, शिकवायचं कुणी? डायबेटिसच्या उपचारात नर्स का महत्त्वाची

डायबेटिसचा पेशंट दवाखान्यात जातो. रिपोर्ट बघून डॉक्टर इन्सुलिन सुरू करतात. बाहेर रांग असते, बोलणं काही मिनिटांत आटोपतं. खरे प्रश्न घरी गेल्यावर सुरू होतात. सुई नेमकी कुठे टोचायची? जेवणाआधी की नंतर? रात्री अचानक घाम सुटून हात थरथरायला लागले तर काय करायचं?

हे सगळं पेशंटला शिकवण्याचं काम अनेक देशांत नर्स करतात. भारतात या कामाची गरज किती मोठी आहे?

आयसीएमआर-इंडियाब हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना डायबेटिस आहे आणि सुमारे १३.६ कोटी लोक प्री-डायबेटिसच्या टप्प्यावर आहेत. एवढ्या लोकांना तज्ज्ञ डॉक्टरांनी निवांत वेळ देणं शक्य नाही.

नर्स नेमकं काय करू शकते?

इन्सुलिन रोज एकाच जागी टोचलं तर तिथे गाठ तयार होते. मग इन्सुलिन नीट शोषलं जात नाही आणि शुगर वरखाली होते. डोस बरोबर असूनही फरक पडत नाही. पोटावर हात लावून ही गाठ तपासणं आणि जागा बदलायला शिकवणं, हे नर्सचं काम.

दुसरी गोष्ट, शुगर अचानक कमी होणं. ती ७० च्या खाली गेली तर शुद्धीत असलेल्या पेशंटला साधारण १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज द्यायचं आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. घरच्यांना हे माहीत नसेल तर जीवावर बेतू शकतं.

तिसरी गोष्ट, पाय. संवेदना कमी झाल्या की जखम झालेली कळतही नाही. ती चिघळली तर पाय कापण्यापर्यंत वेळ येते. पाय वेळोवेळी तपासला तर धोका आधीच लक्षात येतो.

मग अडतं कुठे?

जीएनएम हा तीन वर्षांचा, तर बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम. दोन्हींत डायबेटिस शिकवला जातो, पण इतर अनेक आजारांपैकी एक म्हणून. पेशंटला समजावून सांगणं, त्याच्या सवयी बदलायला मदत करणं, हे वेगळं कौशल्य आहे. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण लागतं आणि ड्युटीत वेळही. वॉर्डात एकाच नर्सकडे अनेक पेशंट असतील तर हेच काम सगळ्यात आधी मागे पडतं.

गावात काय चित्र आहे?

आयुष्मान भारत योजनेत २०१८ पासून उपकेंद्रांवर कम्युनिटी हेल्थ ऑफिसर म्हणजेच सीएचओ नेमायला सुरुवात झाली. नर्सिंग झालेल्यांना सहा महिन्यांचं प्रशिक्षण देऊन हे पद दिलं जातं. महाराष्ट्रात या पदावर बीएएमएस डॉक्टरही आहेत. तिशीच्या पुढच्या लोकांची शुगर आणि बीपी तपासायचं, डॉक्टरांनी सुरू केलेल्या गोळ्या गावातच द्यायच्या, असं हे काम. गोळ्यांसाठी तालुक्याला जाण्यात मजुरी बुडत असेल, तर औषधं मध्येच बंद होतात. सीएचओमुळे ती खेप वाचू शकते.

दुसरीकडे काय केलं?

ब्रिटनमध्ये 'डायबेटिस स्पेशालिस्ट नर्स' हे स्वतंत्र पद आहे. विशेष प्रशिक्षण घेतलेल्या नर्सना तिथे औषधं लिहून देण्याचाही अधिकार आहे. २०२० च्या जागतिक मधुमेह दिनाचा विषयही 'नर्स आणि डायबेटिस' हाच होता.

भारतात तसंच्या तसं होईल असं नाही. पण शिकवण्याच्या कामाला ड्युटीत ठरावीक वेळ आणि प्रशिक्षण झालेल्या नर्सला वेगळं पद, एवढ्यानेही फरक पडेल.

तोपर्यंत घरात कुणाला इन्सुलिन सुरू झालं असेल, तर दवाखान्यातून निघण्याआधी नर्सला एवढंच सांगा: "सिस्टर, एकदा आमच्यासमोर करून दाखवा."