मोडीत काढण्यापूर्वी

शाळेतील जुना संगणक कळ दाबूनही निमूट राहिला, की तो मोडीत काढण्याचा सल्ला तत्काळ मिळतो. हा सल्ला आम्हांस मान्य नाही. पुष्कळदा दोष संगणकाच्या मेंदूत नसून त्याला वीज पुरविणाऱ्या पेटीत असतो. २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज ही पेटी १२, ५ व ३.३ व्होल्टच्या दिष्ट विजेत पालटते. आदिलाबादचा कडक उन्हाळा, धूळ आणि विजेचा चढउतार यांनी तिच्यातील कपॅसिटर झिजतात. १९९५ साली ठरलेल्या एटीएक्स मापाची नवी पेटी त्याच मापाच्या जुन्या सांगाड्यात बहुधा चपखल बसते. मात्र वॅट व जोडण्या जाणत्याकडून आधी पडताळून घ्याव्यात. जुनी पेटी विद्यार्थ्यांनी मुळीच उघडू नये; तार काढल्यावरही तिच्यात घातक वीजभार उरतो.

संगणक खरोखरच निकामी असेल, तर तो अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे अवश्य द्यावा. परंतु चाक मोडले म्हणून आमच्याकडचा कापूस पिकविणारा शेतकरी गाडी जाळीत नाही. एक संगणक कमी झाला, की एका पडद्यापुढे तिघांना दाटीने बसावे लागते. आणि ज्याच्या घरी संगणक नाही, त्याचीच पाळी हुकते. म्हणून आधी परीक्षा, मग दुरुस्ती आणि अखेरीस मोड, हाच क्रम आम्हांस योग्य वाटतो.