बिऱ्हाडकरूंची नोंद कोण ठेवणार?

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईची उपनगरी गाडी विरार ओलांडून डहाणू रोडपर्यंत धावू लागली होती. पुढे कोळगावला जिल्ह्याचे मुख्यालय उभे राहिले, अहमदाबादच्या अतिजलद रेल्वेसाठी बोईसरला स्थानक ठरले, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. परंतु या कामांसाठी येणारे कारकून, शिक्षिका, परिचारिका आणि कंत्राटी कामगार राहणार कोठे, हा प्रश्न कोणत्याही कोनशिलेवर कोरलेला आम्हांस आढळला नाही.

ते कोठे राहतात हे सर्वांस ठाऊक आहे. पालघरच्या माहीम रस्त्याला, बोईसरच्या नवापूर रस्त्याला, सरावलीच्या आसपास, काल जेथे वाड्या व भातखाचरे होती तेथे आज तीन-चार मजल्यांच्या बिनलिफ्टच्या इमारती उभ्या आहेत. वरच्या मजल्याचे भाडे थोडे कमी. ती सवलत बिऱ्हाडकरू आपल्या गुडघ्यांनी फेडतो. डिपॉझिट व दलाली मोजून तो आत येतो, आणि अकरा महिने संपले की वाढीव भाड्याचा आकडा ऐकतो अथवा सामान बांधतो. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. पण विंचवाला मुले शाळेत घालावी लागत नाहीत. जूनमध्ये केलेला करार एप्रिलअखेर संपतो, त्यापुढला मार्चअखेर आणि तिसरा फेब्रुवारीअखेर. म्हणजे मुलाच्या वार्षिक परीक्षेच्या तोंडावर बापाने घर शोधत हिंडावे, अशीच ही योजना आहे!

या अकरा महिन्यांचे मूळ पाहण्याजोगे आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याने एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची केली. ती टाळण्यासाठी एक महिना कापण्याची वहिवाट पडली. परंतु राज्याचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि त्याच्या कलम ५५ ने ही पळवाट बुजविली. करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी व नोंदलेला असला पाहिजे. ती जबाबदारी घरमालकाची आहे. आणि त्याने कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्हीही होऊ शकतात. असे असताना दलालाने पुढे केलेल्या साध्या मुद्रांक कागदावर आजही सर्रास संसार थाटले जातात, यास काय म्हणावे?

घरमालकांची बाजू आम्ही नाकारीत नाही. १९४७ च्या कायद्याने मुंबईतील भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. डागडुजीपुरतेही भाडे सुटेना, तेव्हा भाड्यासाठी घरे बांधणे थांबले आणि पागडी फोफावली. १९७३ च्या दुरुस्तीने परवानगीने राहणारेही भाडेकरू ठरले. निवृत्तीची पुंजी एका फ्लॅटात घातलेल्या माणसाच्या मनात ती धास्ती राहिली असेल, तर त्यास दोष देता येत नाही. पण आता ती धास्ती निराधार आहे. कलम २४ प्रमाणे मुदत संपताच ताबा मागता येतो, आणि जागा न सोडणाऱ्यास ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. लेखी करार हाच तेथे मालकाचा भक्कम पुरावा असतो. जो मालक नोंदणी चुकवितो तो स्वतःचेच हात कापून घेतो. मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे आणि नोंदणी घरबसल्या होते. मग अडते कोठे?

अडते ते इमारतीच्या कागदांपाशी, असा आमचा संशय आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये याच जिल्ह्यात, विरारला, एक अनधिकृत चार मजली इमारत कोसळून १७ माणसे दगावली. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागाला भूकंपाचे धक्के बसत आले आहेत. अशा जिल्ह्यात इमारतीचा पूर्णत्वाचा दाखला पाहण्याचा हक्क बिऱ्हाडकरूला नको काय? पण ज्याच्या राहण्याचीच नोंद नाही, त्याने तो मागावा कोणत्या तोंडाने? आणि इमारत रिकामी करण्याची नोटीस आली, तर त्याचे नाव कोणत्या यादीत असणार?

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, तेव्हा कर्मचाऱ्यांसाठी वसाहत हवी हे त्यांच्या धन्याला समजले होते. पुढे औद्योगिक वसाहत वाढली, कंत्राटी पद्धत बोकाळली, आणि ज्याचे काम त्याने निवारा पाहावा ही जाणीव लोपली. ती परत आणली पाहिजे.

आमच्या मागण्या तीन आहेत. जिल्हा प्रशासनाने कलम ५५ ची अंमलबजावणी करावी आणि कारवाई मालकावर व्हावी, बिऱ्हाडकरूवर नव्हे. पूर्णत्वाचा दाखला करारास जोडणे बंधनकारक करावे. आणि मुख्यालय, रेल्वे व बंदर यांच्या भोवती जी नवी नगरे आखली जातील, त्यांत केवळ विकण्याची नव्हे, भाड्याने देण्याची घरेही सार्वजनिक खर्चाने बांधावीत. मोठ्या कारखान्यांनी त्यात आपला वाटा उचलावा.

बंदरे समुद्र पाहून बांधली जातात, रेल्वे जमीन पाहून. शहर मात्र माणसे पाहून बांधावे लागते. त्या माणसांतील मोठा वर्ग आज भाड्याच्या घरात राहतो. त्याला वगळून केलेला आराखडा कितीही रंगीत असला, तरी तो शहराचा आराखडा नव्हे.