परतावा ही मेहरबानी नव्हे

मुलुंडमधील जुन्या आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या कडेचे कित्येक कारखाने बंद पडले. त्यांच्या जागी मॉल आणि निवासी मनोरे उभे राहिले. त्या कारखान्यांत आयुष्य वेचलेल्या कामगारांची ग्रॅच्युइटी आणि प्रॉव्हिडंट फंड बँकांतील मुदत ठेवींत गेले. अशा घरांचा प्राप्तिकराशी संबंध काय, असे कार्यकर्त्यांनाही वाटते. हा समज चुकीचा आहे.

साधे उदाहरण घ्यावे. साठीच्या आतील एका विधवेची १० लाखांची ठेव आहे. दुसरे उत्पन्न नाही. ७ टक्क्यांनी वर्षाचे व्याज ७० हजार रुपये होते. तिच्यावर कर शून्य. परंतु व्याज ५० हजारांच्या वर गेले की बँक १० टक्के, म्हणजे ७ हजार रुपये, आधीच कापून सरकारजमा करते. पॅन दिलेला नसेल तर २० टक्के, म्हणजे १४ हजार. ज्यावर कर लागूच नाही त्या उत्पन्नातून गेलेली ही रक्कम विवरणपत्र भरल्यावाचून परत मिळत नाही.

आणि विवरणपत्र भरायला माणसे भितात. 'ऑडिट लागेल' ही ती भीती. वास्तविक कर-लेखापरीक्षण ही गोष्टच वेगळी आहे. १९८४ च्या वित्त कायद्याने ४० लाखांवरील उलाढालीच्या धंद्यांना सनदी लेखापालाकडून हिशेब तपासून घेणे सक्तीचे केले. पुढे ही मर्यादा १ कोटीवर गेली. रोखीचे व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असतील तर ती १० कोटी आहे. खात्याने एखाद्याचे विवरणपत्र छाननीस घेणे हा आणखी निराळा प्रकार. ठेवीच्या व्याजावर जगणाऱ्या विधवेला लेखापरीक्षणाचा कायदा लागू होत नाही, आणि खरी माहिती देणाऱ्याने छाननीलाही भिण्याचे कारण नाही.

तथापि दोष केवळ अज्ञानाचा नाही. नागरिकाने कर थकवला तर त्याला दरमहा १ टक्का व्याज भरावे लागते. सरकारने जादा घेतलेला कर परत करताना मात्र दर अर्ध्या टक्क्याचा. शिवाय विवरणपत्र उशिरा भरले तर हे व्याज भरल्या दिवसापासूनच मोजले जाते. पुण्याच्या सँडविक एशिया कंपनीचे पैसे १२ ते १७ वर्षे अडकले, तेव्हा ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २००६ साली तिला विलंबाची भरपाई मिळाली. ७ हजारांसाठी सर्वोच्च न्यायालयात कोण जाणार?

फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडलेल्या नव्या प्राप्तिकर विधेयकात तर मुदतीत विवरणपत्र न भरणाऱ्याला परतावाच मिळू नये अशी तरतूद होती. संसदेच्या प्रवर समितीने ती वगळण्याची शिफारस केली आणि ऑगस्टमध्ये संमत झालेल्या कायद्यातून ती गेली. एक अन्याय टळला. पण राज्ययंत्रणेची प्रवृत्ती त्यातून दिसली.

कोणी म्हणेल, प्राप्तिकर हा ऐपतीनुसार आकारला जाणारा न्याय्य कर आहे, समाजवाद्यांनी त्याविरुद्ध का बोलावे? येथे प्रश्न करविरोधाचा नाहीच. ज्याच्याकडून घ्यायचा त्याच्याकडून पुरेपूर घ्यावा आणि ज्याच्याकडून चुकून घेतला त्याला विनाविलंब परत करावा, तरच हा कर न्याय्य ठरतो. न परतलेला पैसा म्हणजे गरिबाने सरकारला दिलेले सक्तीचे कर्ज होय.

म्हणून मागणी स्पष्ट हवी: दोन्ही बाजूंना व्याजाचा दर एकच असावा, आणि ज्यांच्यावर कर नाही त्यांची कपात खात्याने अर्जाची वाट न पाहता परत करावी. तोवर कार्यकर्त्यांनी एप्रिलमध्ये बँकेत द्यायचे स्वयंघोषणापत्र आणि जुलैच्या आत विवरणपत्र भरून देण्याचे काम वस्तीवस्तीत हाती घ्यावे. कापलेले ७ हजार रुपये एखाद्या घरी परत आले, तर हक्क म्हणजे काय हे तेथे निराळे सांगावे लागणार नाही.