सू सिटीला ‘चमत्कार’ म्हणणे आता पुरे

१/ एक अजस्र विमान धावपट्टीवर टेकते, कलंडते आणि पेट घेते. ही जुनी चित्रफीत वारंवार फिरते, आणि तिच्याखाली हमखास ओळ असते : ‘वैमानिकांचा चमत्कार’. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी तरी ही ओळ पुढे पाठवू नये, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

२/ प्रसंग १९ जुलै १९८९ चा. युनायटेड एअरलाइन्सचे डीसी-१० डेन्व्हरहून शिकागोकडे निघाले होते. वाटेत शेपटीतील इंजिनाच्या पंख्याची चकती फुटली आणि उडालेल्या तुकड्यांनी हायड्रॉलिक नळ्या चिरल्या. या विमानात तीन स्वतंत्र हायड्रॉलिक यंत्रणा होत्या : एक गेली तर दुसरी, दुसरी गेली तर तिसरी. मात्र तिन्हींच्या नळ्या शेपटीत एकमेकींच्या जवळून जात होत्या. सारे तेल वाहून गेले. सुकाणू फिरेना, पंखांवरचे हलते भाग हलेनात. कागदावर तीन यंत्रणा होत्या. घाव बसला त्या जागी एकच.

३/ कॅप्टन अल हेन्स यांच्या मदतीला प्रवासी म्हणून बसलेले प्रशिक्षक डेनी फिच आले. दोन आसनांमध्ये गुडघे टेकून त्यांनी डाव्या-उजव्या इंजिनांचा जोर कमी-जास्त केला आणि विमान सू सिटीपर्यंत आणले गेले. २९६ पैकी १८४ जण वाचले, ११२ गेले. या चमूचे कर्तृत्व मी तसूभरही कमी लेखत नाही. (हेन्स स्वतः मात्र पुढे व्याख्यानांत वाचण्याची कारणे सांगताना पहिला मान नशिबाला देत.)

४/ आक्षेप ‘चमत्कार’ या शब्दाला आहे, कारण तो उच्चारला की प्रश्न विचारणे थांबते. चारच वर्षांपूर्वी, १२ ऑगस्ट १९८५ रोजी, जपान एअरलाइन्सच्या बोइंग ७४७ मधील चारही हायड्रॉलिक यंत्रणा शेपटीतल्याच मोडतोडीने रित्या झाल्या होत्या. ५२० माणसे मेली. त्यानंतर फिच यांनी केवळ इंजिनांच्या बळावर विमान हाकण्याचा सिम्युलेटरवर सराव केला. एका प्रशिक्षकाने स्वतःहून घेतलेला हा धडा विमानाच्या रचनेने घेतला नव्हता.

५/ पुढे काय झाले, हे त्या चित्रफितीखाली कुणी लिहीत नाही. नासाच्या ड्रायडन केंद्रातील बिल बर्चम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच काम संगणकाकडे सोपवले. वैमानिकाने दिशा आणि उतरण्याचा कोन तेवढा सांगायचा. कोणत्या इंजिनाला केव्हा किती जोर द्यायचा, ते संगणक ठरवणार. १९९३ साली या पद्धतीने एक एफ-१५ उतरले. ऑगस्ट १९९५ मध्ये एमडी-११ उतरले, म्हणजे डीसी-१० चाच थेट वारसदार. तरीही प्रवासी विमानांत ही प्रणाली रुजली नाही.

६/ ‘इतक्या दुर्मीळ प्रसंगासाठी खर्च कशाला?’ असा युक्तिवाद होतो. दुर्मीळ? २२ नोव्हेंबर २००३ रोजी बगदादवर एका मालवाहू एअरबस ए-३०० ला क्षेपणास्त्र लागले आणि तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या. तिघा कर्मचाऱ्यांनी पुन्हा हातानेच इंजिनांचा जोर सांभाळत विमान उतरवले. आपण पुन्हा ‘चमत्कार’ म्हणून मोकळे झालो.

७/ आणि विमान वाचले नाही, की हाच चष्मा उलटा लावला जातो. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात बोइंग ७३७ मॅक्स कोसळले. एकूण ३४६ मृत्यू. ‘तिकडचे वैमानिकच कच्चे’, अशी कुजबुज लगेच सुरू झाली. वाचले तर नायक, मेले तर अडाणी. यंत्र मात्र दोन्ही कथांत निर्दोष!

८/ वास्तविक पंख समोरच्या हवेशी किती कोन करतो, हे मोजणारे दोन सेन्सर या विमानावर होते. नाक खाली दाबणारी एमकॅस ही प्रणाली एका उड्डाणात त्यांतल्या एकाचेच ऐकत असे. इथिओपियाच्या विमानात डावा सेन्सर अचानक ७४.५ अंश दाखवू लागला, उजवा १५.३ वर होता. कोणीतरी खोटे बोलत आहे, हे कळायला एवढी तफावत पुरेशी होती. (दोघांत खोटा कोण, हे ठरवायला तिसरा साक्षीदार लागतो, पण तंटा दिसताच गप्प बसायला दोन पुरतात.) एमकॅसने उजव्याला विचारलेच नाही आणि ती नाक दाबत राहिली. पहिल्या अपघातापूर्वी या प्रणालीचा उल्लेख वैमानिकांच्या पुस्तिकेतही नव्हता.

९/ पुढे दुरुस्ती झाली : एमकॅसने दोन्ही सेन्सर ताडून पाहावेत आणि त्यांचे जुळले नाही तर थांबावे. त्यासाठी नवा सेन्सर बसवावा लागला नाही. दुसरा पहिल्या दिवसापासून विमानाच्या नाकाशेजारी होताच.