गोष्टीतले प्रेम आणि आग्या मोहोळ

या खेपेला खताचे नि फवारणीचे काही सांगत नाही. कोपरीत मामाकडे राहून ठाण्यात नोकरी करणाऱ्या एका शेतकऱ्याच्या मुलाने स्वतः लिहिलेली प्रेमकथा माझ्या हाती दिली. "काका, खरे काय ते सांगा," म्हणाला. वाचली. दोघे खाडीकाठी फिरतात, मुलीचा श्रीमंत बाप आडवा येतो आणि शेवटच्या पानावर त्याला उपरती होते. ती मुलगी दिवसभर करते काय, तिला हवे काय, याचा पत्ता नाही.

त्याला म्हटले, गो. नी. दांडेकरांची 'जैत रे जैत' वाच. तुमच्यातील पुष्कळांनी जब्बार पटेलांचा १९७७ सालचा चित्रपट पाहिला असेल. मोहन आगाशे नाग्या, स्मिता पाटील चिंधी. गाणी ना. धों. महानोरांची, तेही पळसखेड्याचे शेतकरीच. नाग्या ठाकर. माशीने त्याचा डोळा घेतला, म्हणून राणी माशीला मारायचा त्याने ध्यास घेतलेला. चिंधी नवऱ्याला सोडून आलेली. ती "हे वेड सोड" म्हणत नाही, त्या वेडात त्याची सोबत करते. शेवटी मोहोळ उठते आणि जीव जातो तो चिंधीचा.

आता माझ्यातला शेतकी खात्याचा माणूस गप्प बसेना. राणीचे काम अंडी घालण्याचे. माणसाला डसतात त्या कामकरी माश्या. म्हणजे नाग्याचा राग भलतीवरच! (आणि तुम्ही मोहोळे जाळू नका. सूर्यफूल, कांद्याचे बी यांचा दाणा माश्यांवाचून नीट भरत नाही.) पण वाचताना हे आठवतही नाही. कारण चिंधीला नाग्या हवा, नाग्याला सूड हवा, आणि दोन्ही एकदम मिळण्यासारखे नाही. गोष्टीत खलनायक लागतोच असे थोडेच आहे?

मग मुलाला विचारले, "घरची शेती असताना नोकरी का धरलीस?" बराच वेळ बोलला नाही. गावात एक मुलगी आहे. तिच्या घरच्यांनी सांगितले, शेती करणाऱ्याला मुलगी द्यायची नाही. म्हणून हा कोपरीला आला. वडील एकटेच भात लावतात.

"अरे, मग हे का नाही लिहिलेस?"

"त्यात काय लिहायचे, काका? घरोघरी तेच आहे."

सध्या नव्याने लिहितो आहे. या सर्वांवर त्या मुलीचे म्हणणे काय, हे त्याने तिला कधी विचारलेच नव्हते. ते विचारायला रविवारी गावी गेला आहे.